हजेरी आणि उपस्थिती : ऑनलाईन अध्ययनातील सामाजिक उपस्थिती व समुदायबांधणी

गोषवारा

ऑनलाईन अध्यापनात विद्यार्थ्यांची हजेरी नोंदविणे सोपे झाले असले, तरी विद्यार्थी एकमेकांना व शिक्षकाला 'माणूस' म्हणून जाणवतात का, हा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. या जाणिवेस शिक्षणशास्त्रात 'सामाजिक उपस्थिती' असे म्हणतात. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचा विकास थोडक्यात मांडून, ती कॅमेऱ्यापेक्षा भाषा, गटरचना आणि शिक्षकाचा प्रतिसाद यांवर अधिक अवलंबून असते, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. मराठी माध्यमातील व मिश्रभाषिक वर्गांच्या संदर्भात या संकल्पनेचे निर्देशक जसेच्या तसे लागू पडतात का, याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : सामाजिक उपस्थिती, पृच्छा-समुदाय, ऑनलाईन अध्ययन, आंतरक्रिया, मराठी माध्यम

प्रस्तावना

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत 'उपस्थिती' हा शब्द मुख्यतः हजेरीपटाशी जोडला गेलेला आहे. ७५ टक्के उपस्थितीची अट, अनुपस्थितांची यादी, पालकांना जाणारे पत्र ही त्याची परिचित रूपे होत. २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली आणि वर्ग ऑनलाईन भरू लागले, तेव्हा हजेरीपटाची ही पद्धत जशीच्या तशी पडद्यावर आली. विद्यार्थ्याने वर्गाच्या दुव्यावर प्रवेश केला, 'प्रेझेंट सर' एवढे लिहिले, की हजेरी लागत असे. त्यानंतर तो फोन उशाशी ठेवून झोपला, शेतावर गेला की खरोखर ऐकत राहिला, हे त्या नोंदीवरून कळण्यास मार्ग नव्हता. शिक्षकासमोर नावे लिहिलेल्या काळ्या चौकटी असत आणि 'आवाज येतोय का?' या प्रश्नाला मिळणारे 'हो सर' हेच पुष्कळदा तासाभरातील एकमेव संभाषण असे.

तो काळ संपला, वर्ग पुन्हा भरू लागले. परंतु ऑनलाईन अध्ययन महाविद्यालयांतून गेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एखाद्या अभ्यासक्रमाच्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्' या मंचावरून पूर्ण करण्यास मुभा दिली. २०१६ च्या विनियमांत ही मर्यादा २० टक्के होती. अशा स्थितीत ऑनलाईन वर्गातून विद्यार्थी निसटतो कसा, हा प्रश्न टाळेबंदीच्या आठवणींपुरता मर्यादित राहत नाही. हार्वर्ड व एमआयटी यांच्या मुक्त ऑनलाईन अभ्यासक्रमांचा रीच आणि रुइपेरेझ-व्हॅलिएंते यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१७-१८ मध्ये त्या अभ्यासक्रमांत नाव नोंदविणाऱ्यांपैकी ते पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास होते. नाव नोंदविणाऱ्या प्रत्येकाचा हेतू अभ्यासक्रम पूर्ण करण्याचाच असतो असे नाही, हे मान्य करूनही हा आकडा बोलका आहे. त्या अभ्यासक्रमांत व्याख्याने उत्तम होती, साहित्य उत्तम होते.

व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये विद्यार्थ्यांच्या गळतीसंबंधी जे प्रतिमान मांडले, त्यात शैक्षणिक समरसतेबरोबरच सामाजिक समरसतेला स्थान दिले होते. संस्थेत आपले कोणी आहे, आपण नसलो तर कोणाच्या तरी ते लक्षात येईल, ही जाणीव विद्यार्थ्याला टिकवून धरते. प्रत्यक्ष महाविद्यालयात ही जाणीव निर्माण करण्यासाठी शिक्षकाला फारसे काही करावे लागत नाही. एसटीचा प्रवास, कट्टा, ग्रंथालयातील रांग, एकाच वहीवरून दोघांनी उतरवून घेतलेल्या टिपा यांतून ती आपोआप घडते. ऑनलाईन वर्गात या सर्व जागा नाहीशा होतात आणि उरते केवळ व्याख्यान. म्हणून तेथे ती जाणीव हेतुपूर्वक घडवावी लागते.

संकल्पनेचा प्रवास

'सामाजिक उपस्थिती' ही संज्ञा शिक्षणक्षेत्रातील नव्हे. ब्रिटनमधील जॉन शॉर्ट, एडरिन विल्यम्स आणि ब्रूस ख्रिस्ती यांनी १९७६ मध्ये दूरसंचाराच्या सामाजिक मानसशास्त्रावरील आपल्या ग्रंथात ती रूढ केली. दूरध्वनी आणि दूरचित्र-परिषदा कार्यालयीन बैठकांची जागा घेऊ शकतील का, असा तेव्हाचा व्यावहारिक प्रश्न होता. संवाद साधताना समोरची व्यक्ती किती ठळकपणे जाणवते, ती मात्रा म्हणजे सामाजिक उपस्थिती होय, अशी त्यांची भूमिका होती आणि ही मात्रा माध्यमाचा गुणधर्म आहे असे ते मानत. माध्यमे व्यक्तिगत की व्यक्तिनिरपेक्ष, उबदार की थंड, अशा विशेषणांच्या जोड्यांवर लोकांकडून त्यांचे मापन करून घेतले जाई. प्रत्यक्ष भेट सर्वांत वरच्या पायरीवर आणि व्यावसायिक पत्र सर्वांत खालच्या पायरीवर असा त्यांचा क्रम होता.

हा क्रम खरा मानला, तर केवळ लिखित मजकुरावर चालणारा वर्ग कायमचा थंडच राहावयास हवा. १९९० च्या दशकात संगणकीय चर्चापरिषदांतून मात्र अनुभव वेगळा आला. न्यू मेक्सिको विद्यापीठातील शार्लट गुणवर्धना यांनी १९९५ मध्ये, तसेच झिटल यांच्यासह १९९७ मध्ये, असे दाखविले की सहभागी व्यक्ती निव्वळ लिखित माध्यमातही आपले अस्तित्व जाणवून देतात आणि ही जाणीव अभ्यासक्रमाविषयीच्या समाधानाचे प्रबळ पूर्वानुमान करते. येथे संकल्पनेचे केंद्र बदलले. सामाजिक उपस्थिती हा माध्यमाचा गुण राहिला नाही. माध्यम वापरणारे लोक ती घडवितात, असे मानले जाऊ लागले.

ज्यांनी वर्षानुवर्षे पत्रद्वारा शिक्षणाचे काम केले त्यांना हे नवीन वाटण्याचे कारण नव्हते. स्वीडनमधील बर्ये होल्मबर्ग यांनी दूरशिक्षणाचे पाठ्यसाहित्यच मार्गदर्शनपर संभाषणाच्या स्वरूपात लिहिले जावे, असा आग्रह धरला होता. नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने स्वयं-अध्ययन पुस्तकांना अभ्यासकेंद्रांची व संपर्क सत्रांची जोड दिली, त्यामागेही हीच जाण दिसते. पुस्तक घरी पोहोचले म्हणजे शिक्षण पोहोचले असे नव्हे, हे दूरशिक्षणाच्या कार्यकर्त्यांना ऑनलाईन युगापूर्वीच ठाऊक होते.

पृच्छा-समुदाय

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील रँडी गॅरिसन, टेरी अँडरसन आणि वॉल्टर आर्चर यांनी २००० मध्ये 'पृच्छा-समुदाया'चे प्रतिमान मांडले. जॉन ड्यूई यांच्या विचारांचा त्यावर स्पष्ट ठसा आहे. अर्थपूर्ण अध्ययनासाठी तीन उपस्थितींचा संगम आवश्यक असतो, असे हे प्रतिमान सांगते : चिंतन व चर्चा यांतून अर्थ घडविणारी बोधात्मक उपस्थिती, व्यक्ती म्हणून स्वतःस प्रकट करू देणारी सामाजिक उपस्थिती, आणि या दोहोंची आखणी करणारी, त्यांना दिशा देणारी अध्यापन-उपस्थिती. अध्यापन-उपस्थिती म्हणजे शिक्षक सतत बोलत राहणे नव्हे. आखणी, चर्चेला चालना आणि प्रत्यक्ष अध्यापन अशी तिची तीन अंगे असून त्यांपैकी व्याख्यान हे फार तर तिसऱ्या अंगाचा एक भाग ठरते.

या प्रतिमानाविषयी एक गोष्ट आपल्याकडे सहसा लक्षात घेतली जात नाही. ते ज्या वर्गांच्या अभ्यासातून घडले, ते वर्ग पूर्णतः लिखित मजकुरावर चालत होते. मूळ लेखाच्या शीर्षकातच मजकुराधारित वातावरणाचा उल्लेख आहे. तेथे कॅमेरा नव्हता आणि ध्वनीही नव्हता. विद्यार्थी आपापल्या सवडीने लिहीत, दुसऱ्याचे वाचत, उत्तर देत. आज ऑनलाईन वर्गाचा विचार करताना आपण थेट प्रक्षेपणाने आरंभ करतो आणि चर्चेला शेवटची पाच मिनिटे ठेवतो. सामाजिक उपस्थितीचे संशोधन मात्र नेमके याच्या उलट ठिकाणी उभे राहिले आहे.

रूर्क, अँडरसन, गॅरिसन व आर्चर यांनी १९९९ मध्ये अशा लिखित चर्चांतून सामाजिक उपस्थिती ओळखण्याचे १२ निर्देशक निश्चित केले. भावात्मक गटात भावना व्यक्त करणे, विनोद आणि स्वतःविषयी काही सांगणे हे तीन येतात. आंतरक्रियात्मक गटात सहा आहेत : चर्चेचा धागा पुढे नेणे, दुसऱ्याचा मजकूर उद्धृत करणे, दुसऱ्याच्या मताचा स्पष्ट उल्लेख करणे, प्रश्न विचारणे, दाद देणे आणि सहमती दर्शविणे. तिसऱ्या, एकसंधतादर्शक गटात नावाने संबोधणे, समूहासाठी समावेशक सर्वनाम वापरणे आणि अभिवादनपर बोलणे यांचा समावेश होतो. यांतील एकाही निर्देशकासाठी चेहरा दिसण्याची आवश्यकता नाही.

कॅमेऱ्याचा प्रश्न

टाळेबंदीच्या काळात 'कॅमेरा सुरू ठेवा, अन्यथा गैरहजर धरले जाईल' अशा सूचना अनेक ठिकाणी दिल्या गेल्या. चेहरा दिसला म्हणजे विद्यार्थी उपस्थित आहे, हे त्यामागील गृहीतक होते. १९७६ च्या मूळ मांडणीचेच ते एक सुलभ रूप म्हणता येईल.

या गृहीतकाच्या मर्यादा दोन बाजूंनी स्पष्ट होतात. पहिली बाजू साधनांची आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १५ टक्के, तर नागरी कुटुंबांपैकी सुमारे ४२ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात संगणक असलेली कुटुंबे ५ टक्क्यांहूनही कमी होती. त्यानंतर मोबाईल फोनचा आणि डेटाचा प्रसार वाढला, हे खरे. परंतु घरातील एक फोन दोन भावंडांत वाटून घेणाऱ्या विद्यार्थिनीच्या दृष्टीने कॅमेऱ्याची सक्ती ही दिवसाचा डेटा पहिल्याच तासात संपविण्याची सक्ती असते.

दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात कॅस्टेली आणि सार्व्हरी यांनी २०२१ मध्ये विद्यार्थी कॅमेरा का सुरू करीत नाहीत याचा शोध घेतला. स्वतःच्या दिसण्याविषयीचा संकोच हे सर्वाधिक सांगितलेले कारण होते. मागे घरातील माणसे वा खोली दिसेल ही काळजी आणि क्षीण इंटरनेट जोडणी हीही कारणे पुढे आली. अमेरिकेतील सुस्थित विद्यापीठात ही स्थिती, तर एका खोलीच्या घरात, स्वयंपाकाच्या आवाजात, मागून घरातील मोठी माणसे ये-जा करीत असताना तासाला बसणाऱ्या मुलीची स्थिती निराळी सांगावयास नको. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी त्याच वर्षी पडद्यावरील बैठकांच्या थकव्याची चार संभाव्य कारणे मांडली : जवळून रोखलेल्या नजरा, देहबोली वाचण्याचा वाढीव ताण, सतत दिसणारी स्वतःची प्रतिमा आणि हालचालीवरील बंधन. शॉक्ली व सहकाऱ्यांच्या २०२१ च्या क्षेत्रीय प्रयोगात कॅमेऱ्यामुळे येणारा थकवा स्त्रियांमध्ये व संस्थेत नव्याने आलेल्यांमध्ये अधिक आढळला. तो प्रयोग कर्मचाऱ्यांवर होता, विद्यार्थ्यांवर नव्हे. तरीही प्रथम वर्षाच्या वर्गाचा विचार करताना तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

कॅमेरा सुरू करण्यास वाव असावा, आग्रह नसावा. पहिल्या भेटीत, इच्छुकांनी, दोन मिनिटे चेहरा दाखवून नमस्कार करावा, हे पुरेसे आहे.

मराठीत लिहिताना

वरील १२ निर्देशक इंग्रजी चर्चांतून काढलेले आहेत. मराठी वर्गाला ते लागू करताना काही ठिकाणी ते अडखळतात आणि अशी ठिकाणेच अध्यापकाला अधिक शिकवून जातात.

समावेशक सर्वनामाचे उदाहरण घेता येईल. इंग्रजीत 'वुई' हे एकच सर्वनाम असून संशोधकाने ते मोजले की काम भागते. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' अशी दोन सर्वनामे आहेत आणि त्यांतील भेद थेट समुदायाच्या सीमेचा भेद आहे. 'आम्ही हे प्रकरण पुढील आठवड्यात शिकविणार आहोत' या वाक्यात विद्यार्थी बाहेर उभा राहतो. 'आपण हे प्रकरण पुढील आठवड्यात पाहू' या वाक्यात तो आत येतो. परंतु 'आपण' नेहमीच जवळ आणते असेही नाही. 'आपण आपला प्रकल्प विहित मुदतीत सादर करावा' या वाक्यातील 'आपण' आदरार्थी द्वितीय पुरुष असून त्याने कार्यालयीन अंतर निर्माण होते. एकच शब्द एका वाक्यात दार उघडतो आणि दुसऱ्या वाक्यात खिडकीपलीकडून बोलतो. महाविद्यालयांच्या ऑनलाईन सूचना बहुशः दुसऱ्या प्रकारच्या असतात, कारण त्या सूचनाफलकाच्या भाषेत लिहिल्या जातात. अध्यापकाने आपल्या मागील महिन्यातील संदेशांत हे सर्वनाम कोणत्या अर्थाने आले आहे, एवढे जरी तपासले तरी वर्गाच्या तापमानाची कल्पना येते.

'तू' आणि 'तुम्ही' यांचेही असेच आहे. वर्गात शिक्षक हसून 'अरे, तू सांग बघू' म्हणतात तेव्हा त्यातील 'तू' आपुलकीचा असतो. आवाज, चेहरा आणि हाताची खूण त्याला आधार देतात. तेच लिखित संदेशात 'तू अजून उत्तर दिले नाहीस' असे आले की दरडावल्यासारखे वाटते. लिहिताना आधार नाहीसा होतो आणि शब्द एकटा पडतो. यावर सर्वांसाठी एकच नियम सांगता येणार नाही. गावोगावचे व महाविद्यालयागणिक रिवाज भिन्न आहेत. मात्र नाव घेऊन, 'तुम्ही' वापरून आणि कारण विचारून लिहिलेला संदेश ('रोहिणी, तुमचे टिपण अजून दिसले नाही, काही अडचण आहे का?') गैरसमजास कमी जागा ठेवतो.

नावाने संबोधण्याच्या निर्देशकाची गंमत आणखी वेगळी. मराठी विद्यार्थी शिक्षकाला नावाने हाक मारीत नाही. 'सर' किंवा 'मॅडम' हेच संबोधन. त्यामुळे हा निर्देशक विद्यार्थी-विद्यार्थी व्यवहारातच शोधावा लागतो आणि तेथे तो क्वचितच सापडतो, कारण प्रत्येक उत्तराचा आरंभ 'सर,' असा असतो. चर्चा वाटोळी होण्याऐवजी चाकाच्या आऱ्यांसारखी होते : प्रत्येकाचे टोक तुंब्याला, म्हणजे शिक्षकाला, जोडलेले, दोन आरे एकमेकांना कोठेच स्पर्श करीत नाहीत. मायकेल मूर यांनी १९८९ मध्ये आंतरक्रियेचे जे तीन प्रकार सांगितले (विद्यार्थी-आशय, विद्यार्थी-शिक्षक आणि विद्यार्थी-विद्यार्थी), त्यांपैकी तिसरा येथे जन्मालाच येत नाही. लहान गावांतील मिश्र वर्गांत मुलगे आणि मुली परस्परांशी थेट बोलणे टाळतात, ही सवय त्यात भर घालते. 'मागील दोन उत्तरांपैकी एकाचा नावानिशी उल्लेख करून, त्याला काय जोडाल ते लिहा' अशी साधी अट प्रश्नातच घातली तर हा संकोच शिक्षकाच्या आज्ञेच्या आडून सुटतो. बोलण्याचे निमित्त मिळणे महत्त्वाचे. ते शिक्षकाने पुरवावे.

लिपी व बोलीचा प्रश्न याहून मूलभूत आहे. ऑनलाईन चर्चेचा मंच इंग्रजीत असतो, सूचना इंग्रजीत असतात, म्हणून उत्तरही इंग्रजीतच अपेक्षित आहे असे विद्यार्थी समजतात आणि गप्प राहतात. जे लिहितात त्यांतील अनेक जण रोमन लिपीत मराठी लिहितात. त्यावर प्रमाणलेखनाचा रट्टा मारल्यास पुढील उत्तर येत नाही. चर्चेत कोणत्याही लिपीत, मराठीत, हिंदीत वा मोडक्या इंग्रजीत लिहिलेले चालेल, शुद्धलेखन अंतिम निबंधात पाहिले जाईल, असे पहिल्याच दिवशी लेखी जाहीर करणे हे सामाजिक उपस्थितीच्या दृष्टीने कोणत्याही महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा अधिक परिणामकारक ठरावे. ज्यांना लिहिण्याची भीड वाटते त्यांच्यासाठी एक मिनिटाचा ध्वनिसंदेश हा उत्तम पर्याय आहे. त्याला डेटा अत्यल्प लागतो, घर दिसत नाही आणि वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी वळणाचा आवाज तो विद्यार्थी कोण आहे हे सांगून जातो. दिसण्यापेक्षा ऐकू येणे अनेकदा अधिक जवळचे असते.

मोठा वर्ग, एक शिक्षक

हे सर्व वाचून कोणाही अध्यापकाच्या मनात येणारा आक्षेप रास्त आहे. पाश्चात्य अभ्यासांतील वर्ग लहान असतात. आपल्याकडे प्रथम वर्षाच्या एका तुकडीत १२० विद्यार्थी असतात. प्रत्येकाने आठवड्यातून एक उत्तर लिहिले आणि प्रत्येकासाठी शिक्षकाने तीन मिनिटे दिली, तर केवळ वाचन-प्रतिसादाला सहा तास लागतील. तेही एका विषयाच्या एका तुकडीसाठी. हे अशक्य आहे आणि अशक्य गोष्टींचा उपदेश करण्यात अर्थ नाही.

तोडगा गटरचनेत आहे. १२० विद्यार्थ्यांचे दहा-दहाचे १२ गट करावेत आणि ते सत्रभर बदलू नयेत. समुदाय ओळखीतून बनतो आणि ओळखीला वेळ लागतो; दर आठवड्यास नवे गट केल्यास प्रत्येक आठवडा पहिला आठवडा ठरतो. गटातील चर्चा गटातच होईल. प्रत्येक गटाचा एक नोंदकर्ता, पाळीपाळीने, आठवड्याचे एक छोटे टिपण देईल : कोणी काय मांडले, कोठे मतभेद झाला, कोणता प्रश्न उरला. शिक्षक १२ टिपणे वाचील. पाच मिनिटांप्रमाणे एक तास. आठवड्याला दोन गटांच्या चर्चेत तो स्वतः उतरेल, म्हणजे सहा आठवड्यांत सर्व गटांची फेरी पूर्ण होईल. पुढील तासाच्या आरंभी 'चौथ्या गटात प्रियांका आणि सलमान यांचा एका मुद्द्यावर वाद झाला, तो आपण सर्वांनी पाहण्यासारखा आहे' एवढे सांगितले, की काळ्या चौकटींमागील दोन माणसे इतर ११८ जणांना जाणवू लागतात.

गट करताना एकाच गावातले किंवा एकाच एसटी मार्गावरचे तीन-चार जण एकत्र ठेवणे इष्ट. कोणाचा फोन बंद पडला, कोणाकडे बाळंतपण आहे, कोण कापणीसाठी थांबला आहे, ही माहिती त्यांच्याकडे असते आणि शिक्षकाकडे नसते. 'स्वयम्'वरील अभ्यासक्रमांनाही हे लागू पडते. त्या मंचाच्या रचनेत चित्रफीत, वाचनसाहित्य व स्वयंमूल्यमापन यांबरोबर चर्चामंच हे चौथे अंग आहे. परंतु देशभरातील हजारो अनोळखी विद्यार्थ्यांच्या चर्चामंचावर आपल्या विद्यार्थ्याने प्रथमच तोंड उघडावे ही अपेक्षा जास्तच आहे. एकाच महाविद्यालयातील सहा-सात जणांनी तोच अभ्यासक्रम एकत्र घेतला, आठवड्यातून एकदा ग्रंथालयाच्या एका टेबलाशी बसून तोच व्हिडिओ पाहिला, आणि एका अध्यापकाने त्यांची विचारपूस केली, तर ऑनलाईन अभ्यासक्रमाला जमिनीवरचा आधार मिळतो. एनपीटीईएलच्या स्थानिक केंद्रांच्या योजनेत महाविद्यालयीन मार्गदर्शकाची जी तरतूद आहे ती याच कामासाठी उपयोगात आणता येते. प्रमाणपत्रांची संख्या मोजण्यापुरते ते पद राहू नये.

थेट तासात प्रश्न विचारल्यानंतर थांबण्याचा मुद्दाही येथेच नोंदविला पाहिजे. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखविले की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात आणि हा विराम तीन सेकंदांपर्यंत वाढविला तरी उत्तरे दीर्घ व विचारपूर्वक होतात. ऑनलाईन तासात आवाज पोहोचण्यातील विलंब, ध्वनी सुरू करण्याची कळ शोधणे आणि धीर गोळा करणे यांतच तीन सेकंद जातात. तेथे १५ ते २० सेकंदांची शांतता सोसण्याची सवय शिक्षकाला लावून घ्यावी लागेल.

अनौपचारिक गट

विद्यार्थ्यांचा खरा समुदाय पुष्कळदा शिक्षकाच्या नजरेपलीकडे, व्हॉट्सॲपवर असतो. सामान्यतः एका वर्गाचे दोन गट आढळतात. एक अधिकृत, ज्यात केवळ ॲडमिनलाच संदेश पाठविता येतात. तो सूचनाफलक असतो, समुदाय नव्हे. दुसरा विद्यार्थ्यांचा स्वतःचा, ज्यात शिक्षक नसतात आणि सर्व काही असते : टिपांची छायाचित्रे, परीक्षेच्या अफवा, वाढदिवस, भांडणे. या दुसऱ्या गटात शिरण्याचा मोह अध्यापकाने टाळावा. कट्ट्यावर शिक्षक येऊन बसले की कट्टा उठतो.

अधिकृत गटाविषयी मात्र दक्षता हवी. त्यात प्रत्येक सदस्याचा भ्रमणध्वनी क्रमांक इतरांना दिसतो. विद्यार्थिनींच्या दृष्टीने ही लहान बाब नाही. नको असलेले संदेश व फोन यांमुळे एखादी मुलगी गट सोडते आणि त्याबरोबर वर्गाशी असलेला तिचा एकमेव धागाही तुटतो. त्यामुळे शैक्षणिक चर्चा शक्यतो क्रमांक न दाखविणाऱ्या मंचावर, संस्थेने दिलेल्या खात्यांवरून व्हावी. जेथे व्हॉट्सॲपला पर्याय नाही तेथे वागणुकीचे नियम विद्यार्थ्यांनीच ठरवावेत आणि तक्रार कोणत्या अध्यापिकेकडे करावयाची तिचे नाव गटाच्या वर्णनातच लिहिलेले असावे. असुरक्षित जागेत कोणीही स्वतःला प्रकट करीत नाही.

सौजन्य आणि अध्ययन

सामाजिक उपस्थिती हे साधन आहे, हे विसरले गेल्यास तिचे विडंबन होते. एखाद्या उत्तराखाली 'खूप छान', 'छान मांडणी', 'अभिनंदन' अशी तीस उत्तरे येतात. निर्देशकांच्या भाषेत तेथे दाद आहे, सहमती आहे, अभिवादन आहे, परंतु विचार पुढे सरकलेला नसतो. गॅरिसन व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये चर्चेतील संदेशांचे जे विश्लेषण केले त्यात सुमारे ४२ टक्के संदेश मते व माहिती मांडण्याच्या 'शोधन' टप्प्यावरचे होते, मतांची सांगड घालणारे सुमारे १३ टक्के, तर निराकरणापर्यंत पोहोचणारे अवघे ४ टक्के. रूर्क आणि कनुका यांनी २००९ मध्ये या प्रतिमानाचा संदर्भ घेणाऱ्या २५२ अहवालांचा परामर्श घेऊन, अशा समुदायांत सखोल अध्ययन घडतेच असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही, असा परखड निष्कर्ष काढला. त्यावर वाद झाला. प्रतिमानाच्या पुरस्कर्त्यांनी उत्तरेही दिली. तथापि समाधान आणि अध्ययन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्यातील इशारा आजही मोलाचा आहे. गुणवर्धना व झिटल यांचे निष्कर्षही समाधानाविषयीचे होते, हे येथे पुन्हा आठवावे.

आपल्या संस्कृतीत वडीलधाऱ्यांसमोर मतभेद दाखविणे उद्धटपणाचे मानले जाते. त्यामुळे जिव्हाळा वाढला की असहमती आपोआप वाढेल, असे समजू नये. उलट ती कमी होण्याचाच संभव अधिक. तिच्यासाठी वेगळी जागा करावी लागते. 'या मताच्या विरुद्ध सर्वांत भक्कम मुद्दा कोणता?' असा प्रश्न देऊन गटातील एकाला, पाळीने, विरोधी पक्षाची भूमिका सोपविल्यास विरोध व्यक्तीचा राहत नाही, भूमिकेचा होतो. तसेच सहभागाला गुण देताना उत्तरांची संख्या मोजू नये. संख्या मोजली की 'खूप छान'चे पीक येते. दुसऱ्याच्या मताचा उल्लेख करून त्यात भर घालणारी किंवा त्याला छेद देणारी दोन उत्तरे सत्रभरातून विद्यार्थ्याने स्वतः निवडून सादर करावीत आणि गुण त्यांनाच द्यावेत.

राहता राहिला प्रश्न मूक विद्यार्थ्यांचा. प्रत्येक गटात दोघे-तिघे असे असतात जे सर्व वाचतात आणि काहीच लिहीत नाहीत. त्यांना अनुपस्थित समजणे अन्यायाचे होईल. ऐकत राहणे हीदेखील शिकण्याची एक रीत आहे आणि आपल्या परंपरेत ती आदरणीय मानली गेली आहे. परंतु वाचणारा मूक विद्यार्थी आणि निघून गेलेला विद्यार्थी हे पडद्यावर सारखेच दिसतात. त्यांना वेगळे ओळखण्याचा खात्रीचा उपाय तंत्रज्ञानाकडे नाही. सत्राच्या दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस, ज्यांच्याकडून एकही शब्द आलेला नाही त्यांची यादी गटाच्या नोंदकर्त्यांकडून घ्यावी. १२० च्या वर्गात ती वीस-पंचवीस नावांची असेल. विभागातील तिघा अध्यापकांनी ती वाटून घेऊन प्रत्येकाला एक फोन करावा. हजेरीविषयी न बोलता, वर्गात काय चालले आहे ते सांगून, पुढील आठवड्याच्या चर्चेसाठी त्याच्या गावातले एखादे उदाहरण मागावे. सहाव्या आठवड्यात फोन केला तर बहुतेकांचा क्रमांक बदललेला असतो.